राखेला तारीख देणारा माणूस : सिगुर्दुर थोरारिन्सन

मागच्या वर्षी एका शुक्रवारी रात्री एक वाजता आमची सिस्टीम बंद पडली. तीन सर्व्हरचे लॉग समोर ठेवून आधी काय झालं, नंतर काय झालं, ते लावत बसलो. पेमेंट सर्व्हिसच्या एरर लॉगमध्ये संध्याकाळी साडेसातपासूनच दिसत होत्या. म्हणजे गडबड तिथूनच सुरू झाली, असं मी ठामपणे सांगितलं. त्या टीमच्या पोरांना झोपेतून उठवलं. पहाटे चारला लक्षात आलं, की पेमेंटच्या सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर नव्हतंच, यूटीसीवर होतं. साडेपाच तासांचा फरक. त्या एरर संध्याकाळच्या नव्हत्या, सिस्टीम कोसळल्यानंतरच्या होत्या. आम्ही ज्याला कारण समजत होतो, तो परिणाम होता.

लॉगमधली एकही ओळ खोटी नव्हती. वेळ मी चुकीची वाचली होती. आणि ते सेटिंगही मीच कधीतरी केलेलं होतं. सकाळी माफीचा मेल लिहिताना हात जड झाला, खोटं कशाला बोला.

त्यानंतर महिनाभरानं मामाकडे गेलो. मामाचं गाव जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी. शेजारच्या बोरी गावाजवळ नदीकाठच्या मातीत एक पांढरट थर दिसतो. मामा म्हणाले, ही ज्वालामुखीची राख आहे, लांबून आलेली. मला वाटलं, दख्खनचा काळा दगड म्हणजे लाव्हाच, त्याचीच ही राख असणार. घरी येऊन वाचलं, तर नाही! दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख त्यामानानं कालपरवाची. आणि ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरून, टोबा नावाच्या ज्वालामुखीतून आली, असं मानतात. तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर!

पण हे कसं कळतं? राखेवर कुठे पत्ता लिहिलेला असतो? हे शोधताना 'टेफ्रा' हा शब्द भेटला, आणि त्या शब्दाच्या मागे एक माणूस भेटला. आइसलँडचे सिगुर्दुर थोरारिन्सन. आजची गोष्ट त्यांची.

आधी राख समजून घेऊ

ज्वालामुखीची राख ही चुलीतल्या राखेसारखी नसते. चुलीत लाकूड जळून राख होते. ज्वालामुखीत काहीच जळत नाही. जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात वायू विरघळलेला असतो. दाब कमी झाला की तो एकदम बाहेर येतो, सोड्याची बाटली हलवून उघडल्यासारखा. वितळलेला खडक फुटून बारीक बारीक थेंब उडतात आणि हवेत क्षणात गोठतात. इतक्या पटकन गोठतात, की त्यांची काच होते. म्हणजे ही राख म्हणजे मुख्यतः काचेचा चुरा.

ही काच वाऱ्यावर हजारो किलोमीटर जाते आणि खाली बसते. शेतात, दलदलीत, तळ्यात, बर्फावर, समुद्रात. नंतर तिच्यावर माती किंवा गाळ साचत राहतो. एकाच उद्रेकाची राख सगळीकडे काही दिवसांतच खाली बसते. त्यामुळे तो थर जिथे जिथे सापडेल, तिथे तिथे त्याची तारीख एकच. वेगवेगळ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये एकच इव्हेंट आयडी सापडावा, तसं हे आहे. तो आयडी मिळाला, की सगळे लॉग एकमेकांशी जुळवता येतात.

फक्त दोन गोष्टी बरोबर पाहिजेत. राख कुठल्या ज्वालामुखीची, आणि त्याच्या कुठल्या उद्रेकाची. यातलं एक जरी चुकलं, तरी त्यावर लावलेल्या सगळ्या तारखा चुकतात.

आइसलँडचा मुलगा, स्टॉकहोमचा विद्यार्थी

सिगुर्दुर यांचा जन्म ८ जानेवारी १९१२ चा, आइसलँडच्या ईशान्येकडच्या व्होपनाफ्योर्दुर भागातला. आइसलँडमध्ये आपल्यासारखी आडनावं नसतात. थोरारिन्सन म्हणजे थोरारिनचा मुलगा, एवढंच. तिथे पंतप्रधानांनाही पहिल्या नावानंच हाक मारतात. म्हणून मीही त्यांना सिगुर्दुर असंच म्हणणार आहे.

आइसलँडमध्ये सरासरी चार-पाच वर्षांत एखादा तरी ज्वालामुखी उसळतो. तिथल्या शेतकऱ्यानं विहिरीसाठी किंवा पायासाठी खड्डा खणला, की कडेला पट्ट्या दिसतात. तपकिरी माती, काळी पट्टी, पुन्हा माती, पांढरी पट्टी. लोक हे शेकडो वर्षं बघत होते. त्या पट्ट्यांचा पद्धतशीर हिशेब लावायचं काम मात्र बाकी होतं.

शिकायला सिगुर्दुर स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला गेले. त्या काळात थर मोजण्याच्या विद्येसाठी ते शहर प्रसिद्ध होतं. तिथे डी गीअर या शास्त्रज्ञांनी हिमनद्यांच्या तळ्यात दरवर्षी साचणारे चिकणमातीचे थर एकेक करून मोजले होते. फॉन पोस्ट यांनी दलदलीतल्या परागकणांवरून जुन्या काळची झाडं आणि हवामान ओळखायची पद्धत बसवली होती. सिगुर्दुर फॉन पोस्ट यांच्या हाताखाली शिकले. आल्मान या हिमनदी-तज्ज्ञांबरोबर १९३६ मध्ये व्हाटनायोकुल या आइसलँडमधल्या अवाढव्य हिमटोपीवरच्या मोहिमेतही गेले.

स्वीडनमध्ये गुरुजनांना माती आणि पराग होते. सिगुर्दुर यांच्या देशात त्याहून सोपी खूण होती, राख. आइसलँडच्या दलदलीत परागकणांबरोबर राखेचे थरही होते. ते मोजून, ओळखून, त्यांना तारखा दिल्या तर? १९३० च्या दशकात त्यांनी हाकोन ब्यारनासन या वनतज्ज्ञांबरोबर देशभर खड्डे खणून थरांची नोंद करायला सुरुवात केली.

राखेखालचं घर

१९३९ च्या उन्हाळ्यात नॉर्डिक देशांचे पुरातत्त्वज्ञ आइसलँडच्या दक्षिणेला थ्योरसारदालुर या खोऱ्यात उत्खननाला आले. हे खोरं हेक्ला ज्वालामुखीच्या अगदी पायथ्याच्या भागात आहे. एके काळी इथे शेतं होती, घरं होती, चर्च होतं. मग सगळं ओसाड झालं. स्टोंग नावाच्या एका जुन्या शेतघराचे अवशेष पांढऱ्या हलक्या राखेखाली सापडले. बैठकीची लांबलचक खोली, चूल, दूधदुभत्याची खोली, सगळ्याचा आराखडा नीट दिसत होता.

प्रश्न होता, हे घर कधी सोडलं? सिगुर्दुर त्या पथकात होते आणि राखेचं उत्तर त्यांनी द्यायचं होतं.

इथे आइसलँडचं नशीब बघा. तिथल्या लोकांनी मध्ययुगापासून वर्षावार बखरी लिहून ठेवल्यात. हेक्ला कधी उसळला, कुठे राख पडली, किती गुरं मेली, त्याच्या नोंदी आहेत. म्हणजे एका बाजूला तारखांची यादी आणि दुसऱ्या बाजूला थरांची यादी. दोन्ही जुळवायच्या. आपण दोन टेबल जॉइन करतो ना, अगदी तसं. फक्त इथे कॉमन की नाही. ती अंदाजानं लावायची.

सिगुर्दुर यांनी लावली. पांढरी राख हेक्लाच्या १३०० सालच्या उद्रेकाची, असं त्यांनी ठरवलं. बखरीत १३०० चा उद्रेक मोठा म्हणून नोंदलेला होता. त्यामुळे खोरं १३०० मध्ये ओसाड झालं, असं चित्र उभं राहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टेफ्रा

त्याच वर्षी दुसरं महायुद्ध सुरू झालं. युद्धाच्या वर्षांत सिगुर्दुर स्वीडनमध्ये होते. १९४४ मध्ये त्यांनी स्टॉकहोमला पीएचडीचा प्रबंध सादर केला. विषय होता आइसलँडच्या राखेचे थर आणि त्यांवरून काळ मोजायची पद्धत. त्याच वर्षी तिकडे आइसलँड प्रजासत्ताक झालं.

या प्रबंधात त्यांनी एक शब्द दिला, टेफ्रा. ग्रीक भाषेत टेफ्रा म्हणजे राख. अॅरिस्टॉटलच्या लेखनात ज्वालामुखीच्या राखेसाठी तो आलेला आहे. सिगुर्दुर यांनी त्याचा अर्थ थोडा रुंद केला. ज्वालामुखीतून उडून हवेतून खाली पडणारं सगळं, मग ती पिठासारखी राख असो किंवा मुठीएवढा दगड, ते सगळं टेफ्रा. आणि टेफ्राच्या थरांवरून काळ लावण्याच्या शास्त्राला नाव दिलं टेफ्रोक्रोनॉलॉजी. लाव्हाला एक शब्द होता, वायूंना होता, उडून पडणाऱ्या वस्तूंना एकत्र असा नव्हता. आज न्यूझीलंडपासून जपानपर्यंत सगळे हाच शब्द वापरतात.

प्रबंधात त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. आइसलँडची राख फक्त आइसलँडमध्ये शोधू नका. १८७५ मध्ये आस्क्या ज्वालामुखीची राख नॉर्वे-स्वीडनपर्यंत पोचल्याची नोंद होती. मग त्याआधीच्या उद्रेकांची का नसेल? डोळ्यांना थर दिसणार नाही, पण मायक्रोस्कोपखाली स्कँडिनेव्हियाच्या दलदलीत काचेचे कण मिळायला हवेत. वीसेक वर्षांनी, १९६० च्या दशकात, क्रिस्टर पेर्सन या स्वीडिश संशोधकांनी ते खरोखर शोधून काढले. आज या डोळ्यांना न दिसणाऱ्या राखेचं वेगळं शास्त्रच झालंय.

हेक्ला जागा होतो

युद्ध संपल्यावर सिगुर्दुर मायदेशी परतले आणि २९ मार्च १९४७ ला हेक्ला उसळला. शंभरेक वर्षांच्या झोपेनंतर. ज्या ज्वालामुखीच्या जुन्या थरांवर प्रबंध लिहिला, तोच डोळ्यांसमोर नवा थर टाकत होता. पहिल्याच दिवसांत राख वाऱ्यानं फिनलंडपर्यंत गेली. उद्रेक तेरा महिने चालला.

हे काम सुरक्षित नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हेक्लावर निरीक्षण करणारे आइसलँडचे शास्त्रज्ञ स्टेनथोर सिगुर्दसन लाव्हाचा तापलेला दगड लागून जागीच गेले.

सिगुर्दुर यांनी राख पडताना मोजली. कुठे किती जाड, कण किती मोठे, सुरुवातीची राख कुठल्या रंगाची आणि नंतरची कुठल्या. याच मोजमापातून आणि जुन्या थरांतून त्यांना एक नियम दिसला. हेक्ला जितका जास्त काळ शांत, तितका पुढचा उद्रेक मोठा आणि त्याच्या सुरुवातीच्या राखेत सिलिका जास्त. सिलिका जास्त म्हणजे रंग फिका. म्हणजे थराचा रंग बघूनही आधीची झोप किती लांब होती, याचा अंदाज येतो. १९६७ मध्ये त्यांनी हेक्लाच्या लिखित इतिहासातल्या सगळ्या उद्रेकांवर पुस्तक काढलं. ते आजही या क्षेत्रात वापरलं जातं.

स्वतःचीच चूक

आता त्या १३०० सालाकडे येऊ. देशभर फिरून थर जुळवता जुळवता सिगुर्दुर यांना दिसलं, की स्टोंगच्या घरावरची पांढरी राख १३०० मध्ये नीट बसत नाही. तसा थर अधिक जुना असला पाहिजे. वरचा नियमही तेच सांगत होता. इतकी फिकी, सिलिकानं भरलेली राख म्हणजे लांब झोपेनंतरचा उद्रेक. १३०० च्या आधी हेक्ला बऱ्यापैकी वेळा उसळलेला होता, तेव्हा ती झोप नव्हती. लांब झोपेनंतरचा उद्रेक होता ११०४ चा, बखरींत नोंदलेला हेक्लाचा सगळ्यात पहिला. बखरकारांनी त्याबद्दल फार लिहिलं नव्हतं, म्हणून तो छोटा वाटला होता. जमिनीतली राख सांगत होती, की तो प्रचंड होता.

सिगुर्दुर यांनी स्वतःची तारीख बदलली. १३०० च्या जागी ११०४. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांचा फरक.

हे किती अवघड असेल, विचार करा. ज्या प्रबंधावर डॉक्टरेट मिळाली, ज्यातला शब्द जग वापरायला लागलं, त्यातलीच एक मुख्य तारीख चूक होती, हे आपणच छापून सांगायचं. त्या तारखेवर पुरातत्त्वज्ञांनी घरांची रचना, भांडी, सगळं लावलेलं. एक लेबल बदललं, की त्याखालचं सगळं हललं. मी एक सेटिंग चुकवल्याचा मेल लिहिताना अर्धा तास घालवला होता. इथे प्रश्न अख्ख्या खोऱ्याच्या इतिहासाचा होता.

आणि गोष्ट तिथेही थांबली नाही. १९८० च्या दशकात स्टोंगला पुन्हा खोदकाम झालं, तेव्हा काही पुराव्यांवरून ११०४ नंतरही तिथे माणसं राहत असावीत, असं मत पुढे आलं. राखेची तारीख ठाम झाली होती. घर नेमकं कधी सोडलं, हा प्रश्न मात्र वेगळा निघाला. राख पडली म्हणजे माणसं गेलीच, असं धरून चालणं हीसुद्धा एक चूकच होती.

समुद्राच्या तळाचा लॉग

जमिनीवरची माती वाहून जाते, शेतकरी नांगरतो, पूर येतो. खोल समुद्राच्या तळाशी असं फारसं होत नाही. तिथे गाळ हजार वर्षांत काही सेंटिमीटर एवढ्याच वेगानं साचतो. म्हणजे दहा मीटरचा नमुना काढला, तर लाखो वर्षांचा लॉग हातात येतो.

१९३० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञांनी न्यूफाउंडलंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रतळातून नळीत गाळाचे नमुने काढले. ती नळी स्फोटकाच्या जोरावर तळात घुसवत असत, बंदुकीच्या गोळीसारखी. त्या गाळात ब्रॅमलेट आणि ब्रॅडली यांना राखेचे थर दिसले. मग १९४० च्या दशकात स्वीडनच्या कुलेनबर्ग यांनी दट्ट्या असलेली नळी बनवली. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये दट्ट्या ओढला, की औषध वर येतं ना, तेच तत्त्व. त्यामुळे पंधरा-वीस मीटर लांबीचा गाळ न विस्कटता वर यायला लागला. ही नळी घेऊन स्वीडनचं 'अल्बाट्रॉस' जहाज १९४७-४८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं.

आता जमिनीवरचं टेफ्राशास्त्र समुद्रात उतरलं. पण समुद्रात तीन अडचणी आहेत. पहिली, तळावरचे किडे गाळ वरखाली करतात, त्यामुळे थराची कड पुसट होते. दुसरी, राख समुद्रातल्या बर्फावर पडली, तर बर्फ तिला दूर वाहून नेतो आणि वितळतो तिथे टाकतो. म्हणजे राख सापडली ती जागा वाऱ्याची दिशा सांगेलच असं नाही. तिसरी, जवळपास बखर लिहिणारं कोणी नाही. तारीख पुस्तकातून मिळत नाही, राखेची ओळख पटवूनच मिळवावी लागते.

ओळख कशी पटते

सुरुवातीला साधन होतं मायक्रोस्कोप. काचेतून प्रकाश जाताना किती वाकतो, तो आकडा, म्हणजे अपवर्तनांक, मोजायचा. काचेत सिलिका जास्त असेल तर तो कमी येतो, लोह जास्त असेल तर वाढतो. एकच आकडा असल्यानं यावर ओळख पटवणं म्हणजे फक्त उंचीवरून माणूस ओळखण्यासारखं होतं.

त्याचं प्रसिद्ध उदाहरण भूमध्य समुद्रातलं. पूर्व भूमध्य समुद्राच्या तळाशी राखेचे दोन थर मिळाले, एक वरचा, एक खालचा. १९६५ मध्ये निन्कोविच आणि हीझन यांनी अपवर्तनांकावरून ते वेगळे केले आणि दोन्ही ग्रीसच्या सँटोरिनी ज्वालामुखीचे मानले. वरचा खरंच सँटोरिनीचा होता. खालचा मात्र पुढे १९७० च्या दशकात इटलीतल्या नेपल्सजवळच्या एका महाउद्रेकाचा निघाला. ज्वालामुखीच बदलला!

हे बदललं ते इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब या यंत्रामुळे. काचेच्या एका कणावर इलेक्ट्रॉनचा बारीक झोत सोडायचा. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे क्ष-किरण फेकतं. त्यावरून सिलिका, पोटॅशियम, लोह, टायटॅनियम वगैरेंचं प्रमाण कळतं. एका आकड्याऐवजी आठ-दहा आकडे. मग जमिनीवरच्या ज्वालामुखीजवळची राख आणि समुद्रतळाची राख यांचे आकडे शेजारी ठेवायचे.

तुम्ही फाइलचा हॅश जुळवता तसं हे असतं का? जवळपास, पण पूर्ण नाही. हॅश एकतर जुळतो नाहीतर नाही. इथे आकडे थोडे पुढेमागे होतातच. शिवाय एकाच ज्वालामुखीचे दोन उद्रेक जुळ्या भावांसारखे सारखे असू शकतात. आइसलँडच्या काट्ला ज्वालामुखीचा हा त्रास आहेच. म्हणून रसायनशास्त्राबरोबर थर कुठल्या गाळात आहे, त्याच्या वरखाली काय आहे, हेही बघावं लागतं. सिगुर्दुर यांनी ११०४ साठी हेच केलं होतं. रंग, रसायन, थरांचा क्रम आणि बखर, चारही साक्षीदार एकत्र उभे केले.

थोर्समोर्कचं गाणं

सिगुर्दुर फक्त खड्डे खणणारे नव्हते. ते गाण्यांचे शब्द लिहायचे. त्यांची गाणी आइसलँडमध्ये लोक सहलीला, शेकोटीभोवती म्हणतात. स्वीडिश कवी बेलमन यांच्या गाण्यांचे ते चाहते होते आणि त्यांची भाषांतरंही त्यांनी केली. १४ नोव्हेंबर १९६३ ला आइसलँडच्या दक्षिणेला समुद्रातून सुर्तसे नावाचं नवं बेट वर आलं, तेव्हा त्याचा अभ्यास करणाऱ्यांत ते पुढे होते. १९६८ पासून ते आइसलँड विद्यापीठात प्राध्यापक होते.

त्यांच्या एका लोकप्रिय गाण्याचा विषय थोर्समोर्क हे खोरं आहे. २०१० मध्ये ज्या एयाफ्यात्लायोकुलनं युरोपची विमानं बंद पाडली, त्याच्याच शेजारचं. तिथे राखेचा आणि तापलेल्या वायूंचा लोंढा वाहून घट्ट झालेला एक खडक आहे. १९६९ मध्ये सिगुर्दुर यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे कळलं, की उत्तर अटलांटिकच्या तळाशी सापडणारा सुमारे ५५ हजार वर्षांपूर्वीचा राखेचा एक मोठा पट्टा आणि हा खडक यांचं रसायन जुळतं. ग्रीनलंडच्या बर्फातही तीच राख. खोऱ्यातला खडक, समुद्राचा तळ आणि बर्फ, तीन ठिकाणचे लॉग एका आयडीनं जोडले गेले.

पण हा लोंढा आला कुठून? बरीच वर्षं शेजारचा टिंडफ्यात्लायोकुल हा ज्वालामुखी त्याचा मालक मानला जात होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं, की रसायन जुळतं ते टोर्फायोकुलशी, थोड्या लांबच्या दुसऱ्याच ज्वालामुखीशी. पुन्हा लेबल बदललं. सिगुर्दुर असते, तर त्यांना यात काही वावगं वाटलं नसतं, असं मला वाटतं.

१९८० मध्ये जगभरचे टेफ्रा-संशोधक आइसलँडमध्येच लौगारवाट्न इथे जमले. चाळीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यानं सुरू केलेलं काम आता जगाचं झालं होतं. ८ फेब्रुवारी १९८३ ला सिगुर्दुर गेले. पुढच्याच वर्षी नॉर्वेतल्या तळ्यांत सापडलेल्या सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीच्या राखेचा 'व्हेड्डे' थर म्हणून अभ्यास प्रसिद्ध झाला. ती राख आइसलँडच्या काट्लाची, आणि तीच उत्तर अटलांटिकच्या तळाशीही सापडते. १९४४ च्या प्रबंधात वर्तवलं होतं, तसंच. ज्वालामुखीशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतर्फे आज त्यांच्या नावाचं पदक दिलं जातं.

परत कुकडीकाठी

आता बोरीच्या त्या पांढऱ्या थराकडे येऊ. तिथे राखेबरोबर अश्मयुगातली दगडी हत्यारंही सापडली आहेत. म्हणून राखेची तारीख म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या माणसांपैकी काहींची तारीख. सुरुवातीला राखेचं वय सुमारे १४ लाख वर्षं आलं. मग दुसऱ्या मोजणीत ते ६ लाख ७० हजारांच्या आसपास आलं. नंतर काचेच्या रसायनावरून काहींनी दाखवलं, की ही टोबाच्या सगळ्यात अलीकडच्या महाउद्रेकाची राख आहे, म्हणजे सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची. तोच उद्रेक, ज्याची काच हिंदी महासागराच्या तळाशी सापडते आणि जिचा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनीही अभ्यास केलाय. त्यावरही आक्षेप आहेत. काहींच्या मते ही टोबाच्याच एका जुन्या, सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची राख आहे. टोबाचे उद्रेक रसायनानं एकमेकांच्या फार जवळचे आहेत, हाच इथला घोळ. वाद संपलेला नाही.

१४ लाख आणि ७४ हजार! माझ्या मामाच्या शेजारच्या गावात हत्यारं घडवणारी माणसं या दोनपैकी कुठल्या काळात बसतात, हे एका पांढऱ्या पट्टीच्या लेबलवर अवलंबून आहे.

मी आता लॉग वाचताना पहिली गोष्ट टाइमझोन बघतो. दुसरी गोष्ट, एका आकड्यावर कुणालाही दोषी ठरवत नाही, निदान तीन साक्षीदार जमवतो. आणि चूक सापडली, की मेल लवकर लिहितो. सिगुर्दुर यांनी दोनशे वर्षांची चूक स्वतः दुरुस्त केली, म्हणूनच त्यांनी दिलेल्या बाकीच्या तारखांवर लोकांनी विश्वास ठेवला. माझी चूक तर साडेपाच तासांची होती.

पुढच्या सुट्टीत मामाकडे जाईन, तेव्हा त्या थराचा फोटो काढून आणेन. खणणार मात्र नाही. तुम्हीही गेलात, तर हात लावू नका. तो कुणाचा तरी अजून न वाचलेला लॉग आहे.